मर्व्हच्या गाडीची उंची

गार्थ पोलमन नोएलीनच्या घरी राहायला आला तेव्हा तिने त्याच्यासाठी बरीच जागा केली. पहिल्या नवऱ्याचे, मर्व्हचे, कपडे चर्चच्या दुकानात देऊन टाकले. बैठकीच्या खोलीतला त्याचा फोटो कपाटात गेला. पलंगसुद्धा नवा घेतला, आणि जुना उचलून नेणाऱ्यांना ती म्हणाली, "न्या बाबांनो, पाठीची वाट लावली याने." गार्थ साठीला टेकलेला. सगळा जन्म गुरांचे ट्रक चालवण्यात गेलेला आणि त्याच्या बायकोने त्याला कधीच सोडलेलं. या वयात आपल्याला कुणी घरात घेतलं, याचंच त्याला अप्रूप होतं. फोटो भिंतीवर राहिला असता तरी त्याने काही म्हटलं नसतं.

राहिली ती गाडी.

पांढरी जुनी लँडक्रूझर. मर्व्ह टली हा चार्लविल गावाच्या आसपास गुरांच्या रानांमधून पवनचक्क्या आणि बोअरचे पंप दुरुस्त करत फिरायचा, आणि फिरायचा तो याच गाडीतून. त्याला जाऊन चार वर्षं झाली होती. गाडी शेडमध्ये कापडाखाली उभी होती. त्या हिवाळ्यात गार्थच्या छोट्या गाडीचं इंजिन बसलं. नोएलीन म्हणाली, "ती आहे ना शेडात, तीच वापर." आणि गार्थने कापड काढलं.

आमच्याकडे रस्ते लांब आणि माणसं विरळ. समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं, ही रीत. पहिल्या आठवड्यात गार्थला बरं वाटलं. गाव आपल्याला आपलं मानायला लागलं, असं त्याला वाटलं. मग एकदा त्याने आरशात पाहिलं, तर बोट उचलून पुढे गेलेला माणूस मान वळवून मागे बघत होता. गाडी ओळखीची, आतला माणूस कोण, असा त्याचा चेहरा. गार्थला उमगलं की ही बोटं आपल्यासाठी उठत नाहीत.

पेट्रोल पंपावर तर कहरच झाला. क्लाइड नावाचा म्हातारा, उत्तरेकडच्या मोठ्या रानाचा मालक, डिझेल भरणाऱ्या गार्थजवळ येऊन उभा राहिला.

"तू नोएलीनचा नवा ना?"

"हो. गार्थ."

"हं." म्हाताऱ्याने घोड्याच्या मानेवर ठेवावा तसा बॉनेटवर हात ठेवला. "पूर आला होता तेव्हा ही गाडी माझ्या दारापर्यंत आली होती. पाणी इथवर. मागे पंप बांधलेला, आणि मर्व्ह आत शीळ घालत बसलेला. पंप बसवला, चहा प्यायला आणि गेला. पैशाचं नावसुद्धा काढलं नाही."

"चांगला माणूस असणार," गार्थ म्हणाला.

"चांगला? अरे, त्याच्यासारखा माणूस या भागात पुन्हा होणे नाही." क्लाइडने डोळे पुसले. मग जाताना वळून म्हणाला, "चालव, चालव. जपून चालव म्हणजे झालं."

गार्थ नळी हातात धरून तसाच उभा राहिला. बाईला सवत असते. पुरुषाच्या वाट्याला जे येतं त्याला आपल्या भाषेत साधा शब्दही नाही. आणि जिवंत माणूस असता तर त्याच्याशी दोन हात करता आले असते, निदान त्याची चूक तरी काढता आली असती. मेलेला माणूस चुकत नाही. त्या दिवसापासून गार्थला गाडीत बसलं की मर्व्हच दिसू लागला. सीटला मर्व्हच्या बैठकीचा खड्डा पडलेला होता, तो गार्थच्या पाठीला कुठेच जुळायचा नाही. दाराच्या कडेवर मर्व्हचं कोपर घासून रंग उडालेला होता. गार्थ तिथे मुद्दाम कोपर ठेवायचा नाही. दुकानात जायचा तर बाई विचारायची, "मर्व्हच्या गाडीत ठेवू का पोती?" क्लबात कुणीतरी म्हणायचं, "मर्व्हची गाडी बाहेर दिसली म्हणून आलो." घरी आला की नोएलीनने जेवण वाढलेलं असायचं, ती हसून बोलायची. तिच्या हसण्यात काही खोट नव्हती. तरी घास तोंडात घोळत राहायचा. ही त्याच्याशीही अशीच हसली असेल, असं मनात यायचं.

एका रविवारी खारवलेलं बीफ आणि पांढरा सॉस पुढ्यात असताना तो म्हणाला, "गाडी उंच करायची म्हणतो."

"उंच?"

"नव्या स्प्रिंगा टाकायच्या, मोठे टायर घालायचे. सगळी पोरं करतात हल्ली. नदीच्या वाळूत बरं पडतं."

"तुला कुठे जायचंय वाळूत?"

"जाऊ की. मासे पकडायला."

नोएलीनने बटाटा कापला. "कर. पण कायद्यात बसेल तेवढीच कर. हवालदाराची बायको माझ्याबरोबर इस्पितळाच्या स्वयंपाकघरात असते. उद्या तुझी गाडी रस्त्यात अडवली, तर परवा ती मला कांदे चिरता चिरता ऐकवणार."

"कायद्यातच करणार."

"किती दिवस चालेल हे?"

"थोडे रविवार," गार्थ म्हणाला. त्याच्या डोक्यात रविवार नव्हते. अशी गाडी करायची की लांबून येणाऱ्याला ती ओळखूच येऊ नये, हे होतं. मर्व्हची म्हणून कुणी तिला हाकच मारायला नको.

गावातलं गॅरेज एरल क्वेडचं. मर्व्हचा जुना दोस्त. गार्थला त्याच्याकडे जायला नको वाटत होतं, पण दुसरं गॅरेज शंभर मैलांवर.

"चार इंच," गार्थ म्हणाला. "आणि पस्तीस इंची टायर."

एरलने हात पुसत त्याच्याकडे पाहिलं. "वर शिडी पण लावून देऊ का?"

"मस्करी नको, एरल."

"मस्करी तू करतोयस, गड्या. पस्तीसचा टायर या गाडीला चालत नाही, कुणीच पास करणार नाही. तेहतीसचा घाल. आता स्प्रिंगा. स्प्रिंग आणि टायर मिळून गाडी तीन इंचांपर्यंत उचलली तर कुणाला विचारायला नको. तिथून पाचापर्यंत मान्यताप्राप्त इंजिनियरने तपासून शिक्का द्यायचा. पाचाच्या वर तू आणि तुझा देव. लोक तीनवर थांबतात. तूही थांब. घरचा माणूस म्हणून सांगतो."

"मर्व्ह थांबला असता म्हणून?"

एरलने हातातलं फडकं बाजूला टाकलं. "मर्व्हचं मी नावही घेतलं नाही," तो म्हणाला.

"मला तीनाच्या वर पाहिजे. शिक्क्यासकट."

"मग इंजिनियरला बोलावू. महिन्यातून एकदा येते. पण काम नीट कर. नुसत्या स्प्रिंगा चढवून भागत नाही. गाडी उंच झाली की ब्रेकच्या नळ्या तोकड्या पडतात, पुढच्या चाकांचा कोन बिघडतो, एक्सल एका बाजूला सरकतो. एकेक सरळ करावं लागतं."

"मी करीन. माझ्या हाताने."

एरलने सामान मागवून दिलं, अवजारं उसनी दिली. गार्थने शेडमध्ये गाडी ठोकळ्यांवर चढवली आणि तिच्याखाली शिरला.

पहिल्या दिवशी जुन्या स्प्रिंगा निघाल्या. तांबड्या मातीने माखलेल्या, दबून बसलेल्या. त्या बाहेर ओढताना गार्थला जो आनंद झाला तो त्याने कुणाला सांगितला नसता. गावाबाहेरच्या कचरा डेपोवर तो त्या स्वतः घेऊन गेला आणि ढिगावर एकेक करून फेकल्या. परत येताना तो गाणं गुणगुणत होता.

पण गाडीखाली मर्व्ह जागोजागी भेटायचा. कुठे तारेची गाठ, अशी की पक्कड लावूनही सुटत नाही. कुठे वेल्डिंगचा टाका, शिवणीसारखा सरळ. ब्रेकची एक नळी सायलेन्सरला घासू नये म्हणून त्याने कुंपणाच्या तारेचा आकडा वाकवून बसवला होता. गार्थने तो काढून दुकानातला नवा लावला, तर नळी पुन्हा घासायला लागली. शिव्या देत त्याने मर्व्हचाच आकडा परत बसवला. काम वाईट असतं तर त्याला किती बरं वाटलं असतं.

थोडे रविवार म्हणता म्हणता शनिवारही त्यात गेले. मग इतर दिवशीचा चहाही शेडमध्ये जाऊ लागला. नोएलीन दारातून विचारायची, "क्लबात येतोस? आज भाजलेल्या मटणाचं जेवण आहे." गाडीखालून आवाज यायचा, "तू हो पुढे. एवढा रबरी बुश बसवतो आणि येतो." तो जायचा नाही. नोएलीन एकटी जायची आणि लवकर परत यायची.

इंजिनियर बाई आली. जोसलिन तिचं नाव, पन्नाशीची, डोक्याला टोपी, बोलणं मोजकं. गाडीखाली जाऊन तिने चाक लोंबकळत ठेवून पाहिलं. मागच्या ब्रेकची नळी ताठ झाली होती.

"ही खड्ड्यात तुटेल," ती म्हणाली. "लांब नळी लावा. आणि मागचे टायर मडगार्डच्या बाहेर येताहेत. ते झाकले पाहिजेत. आज पास नाही करता येणार."

गार्थने मान हलवली. ती बाहेर येता येता थांबली. "हा तारेचा आकडा तुम्ही बसवला?"

"का?"

"सुरेख बसवलाय. एवढी अक्कल मला फार कमी गाड्यांखाली दिसते."

"आधीच्या माणसाचा आहे," गार्थ म्हणाला. तो वाकून अवजारं गोळा करायला लागला.

पुढच्या महिन्यात ती परत आली. नळ्या बदलल्या होत्या, मडगार्डला रबरी पट्टे लागले होते. यावेळी परीक्षा चालवण्याची होती. गावाबाहेर बंद पडलेली धावपट्टी आहे, तिथे जोसलिनने शंकू मांडले आणि वेगात गाडी आणून झटकन एका बाजूला वळवली, झटकन दुसऱ्या. उंच गाडी अशा झटक्यात कलंडते, म्हणून ही तपासणी. गार्थ शेजारी बसला होता. गाडी झुकली, टायर किंचाळले, आणि ती पुन्हा सरळ उभी राहिली. तिसऱ्यांदा गाडी सरळ झाली तेव्हा गार्थचा ऊर भरून आला. आयुष्यात त्याने चालवलेल्या सगळ्या गाड्या दुसऱ्याने बांधलेल्या होत्या. ही उभी राहिली होती ती त्याने आवळलेल्या नटांवर.

जोसलिनने इंजिनशेजारी छोटी पत्र्याची पट्टी ठोकली, सही केली. "चांगलं काम आहे," ती म्हणाली.

त्याच दुपारी गार्थ गाडी घेऊन क्लबावर गेला. मुद्दाम सावकाश, मुख्य रस्त्यावरून. पार्किंगमध्ये गाडी बाकीच्यांच्या वर डोकं काढून उभी राहिली. माणसं बाहेर आली. एरल होता, क्लाइड म्हाताराही होता.

"बाप रे," क्लाइड म्हणाला. "मर्व्हची गाडी केवढी वाढली."

"ही आता मर्व्हची कुठून?" गार्थ हसत म्हणाला. हसू जरा जोर लावून आणलेलं होतं. "स्प्रिंग माझी, टायर माझे, शिक्का माझा."

"ते खरं रे. पण मर्व्ह असता तर नाचला असता. काय एरल?"

एरलने बिअरच्या ग्लासात पाहिलं. गार्थला ते दिसलं.

"काय आहे, एरल? बोल."

"काही नाही."

"बोल म्हटलं ना."

"त्याला हेच करायचं होतं," एरल म्हणाला. "बरीच वर्षं घोकत होता. तीनाच्या वर उचलायची, शिक्क्यासकट. स्प्रिंगा पण याच बघून ठेवल्या होत्या त्याने. तू मागितल्यास तेव्हा माझ्या तोंडावर आलं होतं, पण तुझा चेहरा बघून गिळलं. मग तो गेलाच. त्याचं राहिलेलं काम तू पुरं केलंस, गड्या."

लोकांनी गार्थच्या पाठीवर थापा मारल्या. कुणीतरी त्याच्यासाठी बिअर आणली. त्याने ती तशीच टेबलावर ठेवली आणि घरी आला.

नोएलीन परसात दोरीवरचे कपडे काढत होती. गार्थ तिच्यापुढे जाऊन उभा राहिला. "तुला माहीत होतं?"

"काय?"

"मर्व्हला गाडी उंच करायची होती. असलीच. हेच सगळं."

"हो, माहीत होतं," ती म्हणाली.

"आणि तू मला करू दिलंस. मजा बघत बसलीस? एक नवरा गेला, त्याचं काम दुसऱ्याकडून करून घेतलं?"

नोएलीनने हातातली चादर पाटीत टाकली. ती सहसा आवाज चढवत नाही, आताही चढवला नाही. "मजा? गार्थ, या घरात आल्यापासून मी मर्व्हचे फक्त बूट बघितले. बूट बाहेर आणि बाकी माणूस गाडीखाली. लग्नाच्या वाढदिवसाला बूट. माझी आई गेली त्या दिवशी बूट. गावाला तो पुरातून पंप घेऊन जाणारा देव होता. मला तो जेवणाच्या वेळी शेडमधून 'आलोच' म्हणणारा आवाज होता. लोकांची सवत बाई असते. माझी सवत ती होती, चार चाकांची. तिच्यावर मी वीसेक वर्षं जळले."

गार्थने विचारलं, "मग मला दिलीस कशाला चालवायला?"

"तुझी गाडी बंद पडली म्हणून. वाटलं, वापरेल थोडे दिवस, पाठ दुखली की म्हणेल विकून टाकू. तू म्हणालास उंच करतो."

"नको म्हणायचं होतंस."

"त्याला म्हटलं होतं. ऐकलं नाही. तुझा हट्ट बघितला तेव्हा पुन्हा म्हणायची हिंमत झाली नाही. नव्या माणसाला पहिल्याच वर्षी काय काय नको म्हणायचं?" ती पाटी उचलून आत गेली. दारातून म्हणाली, "आणि माझा गुडघा धड नाही. त्या गाडीत मला आता चढताही येत नाही. हे तुझ्या लक्षात आलंय का?"

आलं नव्हतं.

पण माणसाचं मन एका भांडणाने सरळ होत नाही. गार्थला राग आला होता, आणि वरून गाडीवर जीव बसला होता, हे आणखी अवघड. मर्व्हवर जळून त्याने जे केलं त्यात त्याची स्वतःची मेहनत गेली होती. ती कशी सोडायची? आठवडाभर दोघं मीठ दे, दार लाव, एवढंच बोलली. त्याने गाडीला पायरी बसवली. नोएलीन एकदा चढली, दरवाज्याला लोंबकळत, ओठ घट्ट मिटून. दुकानापर्यंत जाऊन आली. उतरल्यावर म्हणाली, "झालं, बसून बघितलं." पुन्हा बसली नाही.

त्यानंतरच्या रविवारी गार्थ गाडीखाली होता. खरं म्हणजे तिथे काही काम नव्हतं. तो घट्ट असलेले नट पुन्हा घट्ट करत होता. तेवढ्यात टायरच्या शेजारी नोएलीनच्या चपला येऊन थांबल्या. तिने हाक मारली नाही. तो खालून बघत राहिला. एका पायावर भार जास्त होता, दुखऱ्या गुडघ्याला सांभाळत ती उभी होती. चपला बराच वेळ तिथे होत्या. मग वळल्या आणि गेल्या.

गार्थ पाना पोटावर ठेवून पडून राहिला. आपले बूट तिला आत्ता कसे दिसले असतील, ते त्याला कळलं. एवढे महिने मर्व्हची जागा घ्यायची म्हणून धडपडलो, आणि ती घेतली ती नेमकी ही, गाडीखालची. तो बाहेर आला, हात धुतले, स्वयंपाकघरात गेला.

"विकतो," तो म्हणाला.

नोएलीनने मागे वळून पाहिलं नाही. "माझ्यासाठी नको विकू. उद्या मला बोलून दाखवशील."

"दाखवीन कदाचित," गार्थ म्हणाला. "तरी विकतो."

एरलने मागितली, पण गार्थने त्याला साफ नकार दिला. एरलच्या हातात गेली तर ती कायमची मर्व्हचीच होणार आणि रोज डोळ्यांपुढून जाणार, हे सोसण्याएवढा मोठेपणा गार्थमध्ये नव्हता. कागद पक्के, पट्टी ठोकलेली, म्हणून गिऱ्हाईक लवकर मिळालं. लाँगरीचकडची एक नर्स आली, दूरच्या रानांमधून दवाखाने चालवायची. तिने खाली वाकून सगळं पाहिलं आणि गार्थशी तासभर बोलली. मर्व्ह कोण हे तिला ठाऊक नव्हतं, आणि गार्थने सांगितलं नाही. ती गाडी घेऊन गेल्यावर शेड फार मोठी दिसायला लागली. गार्थ दोन-तीनदा उगाच आत डोकावून आला.

आता त्यांच्याकडे निळी बुटकी गाडी आहे. नोएलीन तिच्यात मागे वळून न बघता धपकन बसते. वसंतात ती दोघं समुद्राकडे गेली, हर्व्ही बेला. वाटेत मटणाचं सारण भरलेल्या पेस्ट्र्या खायला एका बागेत थांबली. नोएलीनच्या मांडीवर कागदी पिशवी होती, बोटांना सॉस लागला होता. गाडी विकल्यापासून ती मर्व्हबद्दल अधूनमधून आपणहून बोलायला लागली होती. त्याला पोहता यायचं नाही. तो पत्ते खेळताना लबाडी करायचा. गार्थला ते ऐकायला आवडायचं आणि पोटात दुखायचंही.

"घोरायचा का?" त्याने विचारलं.

नोएलीनने खाता खाता विचार केला. "घोरायचा. पण तुझ्याइतका नाही."

गार्थला ते लागलं. त्याने हात रुमालाला पुसले, समोरच्या पाळण्यावर खेळणाऱ्या पोरांकडे थोडा वेळ पाहिलं, आणि मग विचारलं, "आणि स्वयंपाक? काही करायचा का घरात?"